लेव्हिटाउनमधील घरांची खरेदी-विक्री

लेव्हिटाउनमधील घरांची खरेदी-विक्री : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शहराबाहेरील शेतजमिनीवर एकाच बांधकाम संस्थेने हजारो एकसारखी घरे उभारावयाची व ती दीर्घ मुदतीच्या कर्जावर मध्यमवर्गीय कुटुंबांना विकावयाची, अशी पद्धत रूढ झाली. लेव्हिट अँड सन्स या संस्थेने लाँग आयलंड (न्यूयॉर्क राज्य), पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी येथे वसविलेली तीन उपनगरे ही या पद्धतीची सर्वांत परिचित उदाहरणे होत. त्यांच्या बांधणीतील वेग व काटकसर यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ही घरे प्रथम कोणत्या अटींवर विकली गेली आणि पुढे एका मालकाकडून दुसऱ्याकडे कशी गेली, हा विषय तुलनेने दुर्लक्षित राहिला. वस्तुतः या वसाहतींचे सामाजिक स्वरूप ठरले ते या व्यवहारांतच.

कर्जाची नवी व्यवस्था : १९३० पूर्वी अमेरिकेत घर घेऊ इच्छिणाऱ्यास किमतीचा मोठा भाग, पुष्कळदा निम्मा, स्वतःजवळून द्यावा लागे. उरलेल्या रकमेचे कर्ज तीन ते पाच वर्षांचे असे. मुदतीत मुख्यत्वे व्याज भरावयाचे आणि अखेरीस मुद्दल एकदम फेडावयाचे किंवा नवे कर्ज काढावयाचे. महामंदीत नवे कर्ज मिळेनासे झाले आणि असंख्य घरे जप्त झाली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने (फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन) हे चित्र पालटले. हे प्रशासन स्वतः कर्ज देत नसे. बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवीत असे. बुडीत कर्जाची धास्ती गेल्याने बँका वीस, पंचवीस व पुढे तीस वर्षांच्या मुदतीने आणि समान मासिक हप्त्यांनी कर्ज देऊ लागल्या. १९४४ च्या सैनिक पुनर्वसन कायद्याने युद्धावरून परतलेल्यांच्या गृहकर्जास शासनाची हमी दिली. या कर्जाचा व्याजदर प्रारंभी ४ टक्क्यांपर्यंत मर्यादित होता आणि आरंभीचा भरणा न करताही ते मिळू शके. यामुळे ग्राहकाच्या दृष्टीने घराच्या एकूण किमतीपेक्षा मासिक हप्त्यास अधिक महत्त्व आले.

पहिली विक्री : लाँग आयलंडवरील हेम्पस्टेड नगरक्षेत्रात बटाट्याची शेते होती. सूत्रकृमींच्या उपद्रवाने पिकाची हानी होत असल्याने शेतकरी जमिनी विकण्यास राजी झाले. तळघराची सक्ती करणारा स्थानिक बांधकाम नियम १९४७ मध्ये बदलून घेण्यात आला आणि काँक्रीटच्या सपाट लादीवर घरे उभी राहू लागली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पहिली कुटुंबे राहावयास आली. प्रारंभीची घरे विकली न जाता दरमहा ६० डॉलर भाड्याने दिली गेली व भाडेकरूंना ती पुढे विकत घेण्याची मुभा होती. १९४९ पासून संस्थेचा भर विक्रीवर आला. त्या वर्षीच्या ‘रँच’ पद्धतीच्या घराची किंमत ७,९९० डॉलर होती आणि माजी सैनिकास मासिक हप्ता सुमारे ५८ डॉलर पडे. भाड्यापेक्षा हप्ता कमी, अशी ही स्थिती होती. तेव्हा ग्राहकांच्या रांगा लागल्या यात नवल नाही. जमीन, बांधकाम, कर्ज आणि कागदपत्रे या सर्वांची व्यवस्था विक्रेत्यानेच लावून ठेवलेली असल्याने कारखान्यातील मालाप्रमाणे घर ठराविक किमतीस मिळे. घासाघीस नाही की दलाली नाही. १९५१ पर्यंत या वसाहतीत १७,४४७ घरे झाली.

मुंबईच्या उपनगरांत सदनिका घेणारा सामान्यतः सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद होतो व त्याच्या हाती संस्थेचे भागपत्र येते. लेव्हिटाउनच्या ग्राहकास मात्र ६० × १०० फुटांच्या आसपासचा भूखंड व त्यावरील सुटे घर या दोहोंची मालकी मिळे. तथापि ती निर्वेध नव्हती. कुंपण घालू नये, हिरवळ नियमितपणे कापावी, कपडे कोठे व कसे वाळत घालावेत, अशा अटी खरेदीदारास पाळाव्या लागत. या अटींना आज कोणी हसेल. पण त्यांच्या सोबतीस आणखी एक अट होती आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती.

वंशविषयक अट : भाडेकराराच्या २५ व्या कलमान्वये घरात कॉकेशियन वंशाखेरीज अन्य कोणी राहू नये, असा निर्बंध होता; अपवाद केवळ घरगड्यांचा. ही एका बांधकाम संस्थेची लहर नव्हती. मिश्र वस्तीत घरांच्या किमती घसरतात, असे गृहीत धरून संघीय गृहनिर्माण प्रशासनाच्या १९३० नंतरच्या मार्गदर्शिकेतच अशा अटींची शिफारस केली होती. स्थावर मालमत्तेच्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या १९२४ च्या आचारसंहितेतही, ज्यांच्या येण्याने मूल्यास बाध येईल अशा वंशाच्या वा राष्ट्रीयत्वाच्या लोकांचा वस्तीत प्रवेश करवून देऊ नये, असे कलम होते. वंशाचा उल्लेख १९५० मध्ये गाळण्यात आला. म्हणजे कर्ज, विमा, दलाली आणि विक्री या चारही दारांवर एकच पाटी होती. युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकास कायद्याने कर्जाची हमी मिळे, परंतु ज्या घरासाठी ती वापरावयाची ते घर मिळत नसे.

सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असा निर्णय दिला. गृहनिर्माण प्रशासनाने फेब्रुवारी १९५० नंतर नोंदलेल्या अटी असलेल्या मालमत्तेवरील कर्जास विमा न देण्याचे ठरविले. लेव्हिटाउनच्या करारातून ते कलम गेले, परंतु कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे धोरण चालूच राहिले. पेनसिल्व्हेनियातील वसाहतीसंबंधी १९५५ मध्ये संघीय न्यायालयात दावा लावण्यात आला. अर्जदारांच्या वकिलांत थर्गुड मार्शल होते. भेदभाव रोखण्याचे कर्तव्य कायद्याने या शासकीय यंत्रणांवर टाकलेले नाही, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला.

दुसरी विक्री : बांधकाम संस्थेचे नियंत्रण पहिल्या विक्रीपुरते होते. मालकाने घर विकावयास काढले, की व्यवहार नेहमीच्या बाजारात येई. न्यूयॉर्क राज्यात दलालाने ग्राहक आणल्यावर उभयपक्षांचे वकील करारनामा करतात. ग्राहक विसार देतो. मालकीहक्काचा शोध घेतला जातो व त्यातील दोषांविरुद्ध विमा उतरविला जातो. अखेरीस खरेदीखत जिल्ह्याच्या कार्यालयात नोंदविले जाते. दलाली परंपरेने विक्रेत्याने द्यावयाची. दलाल मंडळाने तिचे दर ठरवून देणे सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये बेकायदेशीर ठरविले. तरी ५ ते ६ टक्क्यांचा प्रघात त्यानंतर अनेक दशके टिकला.

सैनिकी हमीच्या कर्जाचे एक वैशिष्ट्य फारसे लक्षात घेतले जात नाही. १ मार्च १९८८ पूर्वीचे असे कर्ज नव्या खरेदीदारास, तो सैनिक नसला तरीही, मूळ व्याजदरासह स्वतःच्या अंगावर घेता येई. १९७० नंतरच्या दशकात व्याजाचे दर कडाडले तेव्हा ४ टक्क्यांचे जुने कर्ज ही घराबरोबर मिळणारी मोलाची वस्तू ठरली. मात्र विक्रेत्याने रीतसर मुक्तता करून घेतली नसेल, तर नव्या मालकाने हप्ते थकविल्यास मूळ सैनिकावरील दायित्व कायम राही.

घराच्या स्थितीचे प्रश्नही पुढे आले. पहिल्या घरांत वरचा मजला अपुरा ठेवलेला होता, तो मालकांनी आपापल्या सवडीने पुरा केला; छपरे उंचावली, खोल्या वाढविल्या. परिणामी मूळ स्वरूपातील घर आता क्वचितच आढळते. यांपैकी विनापरवाना केलेली वाढ विक्रीच्या वेळी अडथळा होते. लादीत पुरलेल्या तांब्याच्या नळ्यांतून गरम पाणी खेळवून घर उबदार ठेवण्याची मूळ योजना होती. या नळ्या गळू लागल्या की दुरुस्तीसाठी जमीनच फोडावी लागे. १९७८ पूर्वीच्या घरात शिसेयुक्त रंग असल्याचे माहीत असल्यास ते ग्राहकास कळविणे विक्रेत्यास १९९६ पासून बंधनकारक आहे.

पहिल्या विक्रीत बंद असलेले दार काही वेळा दुसऱ्या विक्रीतून उघडले. पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटाउनमध्ये ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम व डेझी मायर्स या कृष्णवर्णीय दांपत्याने एका खाजगी मालकाकडून घर घेतले. घरासमोर अनेक दिवस जमाव जमला, दगडफेक झाली आणि बंदोबस्तासाठी राज्य पोलीस बोलवावे लागले. काही शेजारी कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले, ही गोष्टही नमूद करावयास हवी. अखेर न्यायालयाने त्रास देणाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम काढला आणि मायर्स कुटुंब तेथेच राहिले.

न्यू जर्सीतील तिसऱ्या वसाहतीत भेदभाव करता येणार नाही, असा निर्णय त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये दिला. ही वसाहत पुढे विलिंगबरो या मूळ नावाने ओळखली जाऊ लागली. येथे एक वेगळाच पेच निर्माण झाला. गौरेतर लोकसंख्या १९७० मधील ११.७ टक्क्यांवरून १९७३ मध्ये १८.२ टक्क्यांवर गेली आणि श्वेतवर्णीय मालक घाबरून घरे विकतील अशी भीती व्यक्त होऊ लागली. असे भय अमेरिकेतील अनेक शहरांत दलालांनी मुद्दाम पसरविले होते: किमती कोसळणार असे सांगून श्वेतवर्णीयांकडून स्वस्तात घरे घ्यावयाची आणि तीच कृष्णवर्णीयांना चढ्या भावाने विकावयाची, हा त्यांचा मार्ग होता. विलिंगबरोच्या नगरपरिषदेने १९७४ मध्ये घरांसमोर ‘विक्रीस’ अशा पाट्या लावण्यासच बंदी केली. हेतू मिश्र वस्ती टिकविण्याचा असला, तरी एखादे घर विक्रीस आहे ही खरी माहिती लोकांपासून दडविता येणार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ही बंदी रद्द केली. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती थर्गुड मार्शलच होते. पाट्यांमुळेच लोक घरे विकू लागले, हे परिषदेस सिद्ध करता आले नव्हते.

नंतरची स्थिती : घरांच्या विक्रीत वंश, वर्ण, धर्म व राष्ट्रीयत्व यांवरून भेद करण्यास १९६८ च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याने देशभर मनाई केली. पण तोवर वीस वर्षे लोटली होती. १९४९ मध्ये ज्याने जवळचे काही न घालता घर घेतले, त्याच्या नावे या काळात किमतीतील वाढ जमा झाली; तिच्या बळावर त्याने मोठे घर घेतले किंवा मुलांचे शिक्षण केले. ज्यास तेव्हा नाकारले गेले, त्यास तेच घर नंतर कित्येक पटींनी अधिक किमतीस, आणि विकावयास स्वतःचे घर नसताना, घ्यावे लागणार होते. कायद्याने पुढील विक्रीतील भेद थांबविता येतो, मागील विक्रीतून झालेली संपत्तीची वाटणी त्याने बदलत नाही. लाँग आयलंडवरील लेव्हिटाउनमध्ये २०१० च्या जनगणनेत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १ टक्का होते आणि तेथील साध्या घराची किंमत २०२० नंतर सामान्यतः ५ लाख डॉलरांच्या वर गेली.

‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने लाँग आयलंडवरील दलालांकडे निरनिराळ्या वंशांचे, परंतु सारख्याच ऐपतीचे ग्राहक पाठवून केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ८६ चाचण्यांवर आधारलेल्या या पाहणीत कृष्णवर्णीय ग्राहकांस ४९ टक्के प्रसंगी, लॅटिन अमेरिकी वंशाच्या ग्राहकांस ३९ टक्के आणि आशियाई ग्राहकांस १९ टक्के प्रसंगी असमान वागणूक मिळाल्याचे दिसून आले. नकार उघडपणे दिला जात नसे. काहींना निराळ्या वस्त्यांतील घरे सुचविली जात, तर काहींकडे घर दाखविण्यापूर्वीच कर्जमंजुरीचा कागद मागितला जाई.