पैलतीरीं गेलेलें बेट

दोन गांवांच्या मधून नदी वाहत असली म्हणजे त्यांची शीव ठरविण्यास मोजणीदार लागत नाहीं, असा सार्वत्रिक समज आहे. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथील सोंगपा विभागाची हकीकत ऐकिली म्हणजे तो समज डळमळूं लागतो.

हान नदी या शहराच्या मधून पश्चिमेकडे वाहत जाते. सोंगपा विभाग तिच्या दक्षिण तीरावर, पूर्वेच्या अंगास आहे. त्यांतील जामशिल हा भाग पूर्वीं नदीतील बेट होता. 'रेशमाच्या किड्यांचें घर' असा या नांवाचा अर्थ; जोसन राजांच्या अमदानींत तेथें तुतीची लागवड असे. बेटाच्या दक्षिणेस सोंगपाचा फाटा व उत्तरेस शिनचनचा, म्हणजे 'नव्या प्रवाहा'चा. कारभाराच्या दृष्टीनें बेट उत्तर तीरास जोडलेलें होतें.

१९२५ सालच्या महापुरानें दक्षिण फाट्यावरील सोंगपाची नांवाजलेली पेठ धुऊन नेली. त्याच पुरानें जवळच्या पुंगनाप येथील मातीच्या तटांत पुरलेल्या प्राचीन वस्तू उघड्या पाडल्या. तो तट बेक्चे राज्याच्या पहिल्या राजधानीचा, असें आतां बहुतेक विद्वान् मानतात. नदीचा हा व्यवहार विलक्षणच म्हणावयाचा!

पुढें १९७१ सालीं मनुष्यानें दक्षिण फाटा बांध घालून अडविला. सारें पाणी उत्तरेच्या फाट्यांतून वाहूं लागलें आणि बेट दक्षिण तीरास चिकटलें. घरें जागचीं हललीं नाहींत. तीर मात्र बदलला. जुन्या पात्राचा उरलेला तुकडा म्हणजे सोकचोन तळें. त्याच्या काठीं आज १२३ मजल्यांचा, ५५५ मीटर उंच मनोरा उभा आहे.

पाण्यामागून कारभारही सरकला. सेऊलचे २५ विभाग असून त्यांस 'गू' म्हणतात. गूच्या पोटीं 'डोंग'. १९७५ सालीं दक्षिण तीरावर गांगनाम गू निर्माण झाला, तेव्हां जामशिल उत्तरेकडून निघून त्यांत गेलें. १९७९ सालीं त्यांतून गांगडोंग, व ऑलिंपिक सामन्यांच्या वर्षीं, १९८८ सालीं, त्यांतून सोंगपा वेगळा निघाला. १९९५ पासून गूचा प्रमुख लोकांनीं निवडलेला असतो. सुमारें ३४ चौरस किलोमीटरांत सहा लाखांहून अधिक वस्ती असलेला हा विभाग लोकसंख्येनें शहरांत पहिला आहे.

१६३७ सालीं राजा इन्जो याने याच भागांतील साम्जनडो उतारावर मांचू बादशहापुढें शरणागतीचें मस्तक टेकिलें. त्या प्रसंगाचा १६३९ सालचा चिनी, मांचू व मोंगल लिपींतील शिलास्तंभ आज तळ्याकाठीं आहे. उतार नाहीं, होडी नाहीं, आणि ती नदीही नाहीं.