डिझेल मोटारीचें पाणी

गतवर्षीं आमची सुपारी वाहणारी डिझेल मोटार कार्ले खिंडीच्या चढावर तापून उभी राहिली. दोष आमचाच, रेडिएटरांत आम्ही खाडीकांठच्या विहिरीचें मचूळ पाणी ओतीत असूं. पंप हें पाणी सिलिंडरांभोंवतीं फिरवितो. सुमारें 80 ते 90 अंशांवर थर्मोस्टॅटची झडप उघडून तें रेडिएटरांत जातें व वाऱ्यानें निवतें. मचूळ पाण्यानें बारीक नळ्यांत क्षारांची खपली धरते, लोखंड गंजतें, उष्णता आंतच कोंडते. यास्तव शुद्ध पाण्यांत कूलंट मिसळूनच घालावें. कोंकणांत पाणी गोठत नाहीं, मग हा खर्च कशास, असें आम्हांस वाटे. परंतु तें गंजही रोखतें. तापल्या रेडिएटरचें झांकण मात्र कदापि उघडूं नये. दाब सुटतांच उकळतें पाणी उसळतें. आमच्या चालकाचा हात असाच पोळला. दोन महिने त्यास गाडी हांकतां आली नाहीं.