पूलमधला फाउल ओळखावा कसा?

स्नूकरमध्ये फाउल झाला की प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात किमान ४ आणि जास्तीत जास्त ७ गुण जमा होतात. पूलच्या एट-बॉल आणि नाइन-बॉल या प्रकारांत गुणांचा हिशेबच नसतो. तिथे प्रतिस्पर्ध्याला ‘बॉल इन हँड’ मिळतो, म्हणजे पांढरा चेंडू उचलून टेबलावर हवा तिथे ठेवायची मुभा. कसलेल्या खेळाडूला एवढे पुरते.

पांढरा चेंडू पॉकेटमध्ये पडला, एखादा चेंडू टेबलाबाहेर उडाला किंवा फटक्याच्या क्षणी एकही पाय जमिनीला टेकलेला नसला, तर वाद होत नाही. घोळ होतो तो कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडेच्या) नियमापाशी. पांढरा चेंडू आधी योग्य चेंडूला लागला पाहिजे. त्यानंतर एकतर एखादा चेंडू पॉकेटमध्ये जावा, नाहीतर कोणताही चेंडू कुशनला लागावा. ‘त्यानंतर’ हा शब्द इथे कळीचा. पांढरा चेंडू कुशनवरून येऊन दुसऱ्या चेंडूला हलकेच टेकला आणि पुढे काहीच घडले नाही, तर तो फाउलच. आधी लागलेली कुशन मोजत नाहीत.

सर्वांत अवघड निवाडा दुहेरी स्पर्शाचा. पांढरा चेंडू आणि समोरचा चेंडू यांत जेमतेम खडूच्या जाडीची फट असते. सरळ फटका मारला की पांढरा चेंडू पुढच्यावर आदळून क्षणभर अडतो आणि तेवढ्यात पुढे येणारा क्यू त्याला पुन्हा लागतो. डोळ्यांना हे दिसत नाही. निकाल चेंडूंच्या चालीवरून द्यावा लागतो. समोरासमोर धडक झाली की पांढऱ्याचा वेग जवळजवळ सगळा पुढच्याला मिळायला हवा. तरीही दोघे जोडीने धावत सुटले, तर क्यू दोनदा लागला असे समजावे. चेंडू एकमेकांना आधीच चिकटलेले असतील, तर मात्र जागतिक नियमांनुसार सरळ फटका चालतो. म्हणून खेळण्याआधी ‘चिकटलेत का?’ हे ठरवून घेतलेले बरे.

पांढरा चेंडू दोन चेंडूंना जवळपास एकाच वेळी लागला आणि आधी कुणाला लागला हे पंचालाही सांगता येईना, तर कौल खेळणाऱ्याच्या बाजूने जातो.

एट-बॉलमधल्या काळ्या आठ नंबरच्या चेंडूबद्दल अनेक पार्लरमध्ये एक गैरसमज पक्का आहे. आठवर नेम धरताना पांढरा पॉकेटमध्ये गेला की डाव हरला, असे मानतात. जागतिक नियमांत तसे नाही: आठ टेबलावरच राहिला असेल, तर शिक्षा फक्त बॉल इन हँड. त्याच फटक्यात आठही पडला, तरच डाव जातो.

नाइन-बॉलमध्ये लागोपाठ तीन फाउल केले की तो डाव गमावला. पण दुसऱ्या फाउलनंतर खेळाडू टेबलाशी येतो तेव्हा त्याला तशी सूचना द्यावी लागते. ती दिली नाही, तर तिसरा फाउल दुसराच धरला जातो.