अंधारातली वाट

जव्हार-मोखाड्याकडच्या मंडळींना बोहाडा काय ते सांगायला नको. रात्री टेंभे पेटतात, संबळ वाजू लागतो आणि गणपतीपासून रावणापर्यंतची सोंगे मुखवटे चढवून गावच्या रस्त्याने नाचत येतात. त्राटिका अंगावर आली की पोरे आईच्या पदराआड दडतात. पण पुढचे सोंग पाहायला पुन्हा पुढे धावतात! भीती वाटावी, पण अपाय होऊ नये, ही त्यातली मौज. तीच मौज घरच्या पडवीत किंवा शाळेच्या खोलीत आणता येईल का? येईल की, मात्र चार गोष्टी सांभाळाव्या लागतील.

पहिली मुखवट्याची. बोहाड्याचे मुखवटे देवाचे. ते मागून आणू नयेत. आपले आपण करावेत. मातीचा चेहरा घडवून वाळवावा. त्यावर कागदाचा पहिला थर नुसत्या पाण्याने बसवावा, म्हणजे मुखवटा पुढे सहज सुटतो. मग खळीने रद्दी कागदाचे सहा-सात थर द्यावेत. कडक वाळला की उचलून घ्यावा. रंगाला गेरू, पांढरी माती आणि काजळी पुरे.

दुसरी वाटेची. बांबूचे सांगाडे उभे करून नागमोडी वाट काढावी. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधार पुरता सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. म्हणून सुरुवातीला मंद उजेड ठेवावा, पायाखाली अडथळा नसावा आणि हाताला दोर असावा.

तिसरी भुताची. वळणावर खिडकीची साधी काच निम्म्या काटकोनात तिरपी, घट्ट बसवावी. बाजूला आडोशाला, काळ्या कापडापुढे, मुखवटा घातलेला मुलगा बसवावा. त्याच्यावर बॅटरीचा झोत पडला की काचेपलीकडे चेहरा अधांतरी दिसतो. बॅटरी विझली की नाहीसा! लंडनमध्ये १८६२ साली जॉन पेपर यांनी हीच युक्ती रंगमंचावर दाखवली होती.

चौथी, आणि सर्वांत मोठी, आगीची. १९८४ च्या मे महिन्यात अमेरिकेत न्यू जर्सी येथे एका करमणूक बागेतल्या भुतांच्या वाड्याला आग लागली आणि आठ कोवळी मुले दगावली. टेंभा मोकळ्या आभाळाखालीच शोभतो. आपल्या खोलीत बांबू, कागद, कापड सगळेच जळणारे. तेव्हा आत पणतीसुद्धा नको. दोन दारे उघडी असावीत, एका वेळी चार-पाचच मुले सोडावीत, वळणावर बॅटरी घेऊन मोठे माणूस उभे असावे आणि दाराशी पाण्याच्या बादल्या भरलेल्या असाव्यात.

गुरुजी, आता शेवटचे काम तुमचे. खेळ संपला की खिडक्या उघडा, मुलांना काचेमागे न्या आणि परावर्तन समजावून सांगा. भूत कसे बनते हे ज्याने हाताने केले, तो पुढे सहसा फसत नाही. भुताळी ठरवून बायाबापड्यांचा छळ झाल्याच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. कुणावर करणी-चेटकाचा आळ घेऊन असा छळ करणे हा राज्याच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून सोंग राक्षसाचे घ्या, सांगाड्याचे घ्या; पण गावातल्या कुणा म्हातारीसारखे दिसणारे सोंग चुकूनही घेऊ नका. पोरे घाबरत आत जावीत आणि हसत, शहाणी होऊन बाहेर यावीत, एवढेच.