नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि कुटुंबाचा ट्रस्ट

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील व्यापारी घराण्यांत पीपीएफचे पासबुक तिजोरीत जपून ठेवलेले असते. ती रक्कम मागे कोणाकडे जाणार, याची चर्चा मात्र सहसा टाळली जाते. व्यापाऱ्याला निवृत्तिवेतन नाही. पीपीएफ आणि अलीकडे एनपीएस हीच त्याची उतारवयातील शिदोरी.

भारतात 1985 पासून मृत्यूनंतरच्या संपत्तीवर कर नाही. खातेदारामागे मिळणारी पीपीएफची रक्कम व एनपीएसचा एकरकमी निधी करमुक्त असतो. कराचा प्रश्न उद्भवतो तो नंतर, त्या रकमेवरील व्याजाचा.

त्याआधी एक गैरसमज दूर व्हावा. नामनिर्देशित व्यक्ती मालक होते, असे अनेकांना वाटते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्राशी संबंधित वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेअर्सच्या बाबतीतही नामनिर्देशनामुळे वारसांचा हक्क संपत नाही, असा निर्णय डिसेंबर 2023 मध्ये झाला. सबब मृत्युपत्र अनिवार्यच समजावे.

समजा, अंबरनाथच्या एका व्यापाऱ्याने मृत्युपत्राद्वारे आपली पीपीएफची 50 लाखांची रक्कम दिव्यांग मुलासाठी व विधवा बहिणीसाठी ट्रस्टमध्ये ठेवली. सात टक्क्यांनी वार्षिक व्याज साडेतीन लाख. कोणाला किती द्यायचे हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोपवले, तर अशा ट्रस्टला एरवी पहिल्या रुपयापासून कमाल दर लागतो: अधिभार बाजूला ठेवला तरी 30 टक्के व त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 1,09,200 रुपये. परंतु ट्रस्ट मृत्युपत्रानेच निर्माण झालेला असेल आणि त्या व्यक्तीने मृत्युपत्राने केलेला तो एकमेव ट्रस्ट असेल, तर सामान्य दर लागू होतात. नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही. म्हणून येथे कर शून्य. हयातीत दस्ताने केलेल्या ट्रस्टला ही सवलत मिळत नाही. व्यापारी मंडळी रुपया-दीड रुपयासाठी घासाघीस करतात, आणि लाखाचा फरक पडतो तो एका वाक्याने!

वाटे आधीच निश्चित केले असतील, तर प्रत्येक लाभार्थ्याच्या वाट्यावर त्याच्याच दराने आकारणी होते. हा मार्ग सोपा. मात्र पुढे गरज बदलली, तरी वाटे बदलता येत नाहीत.

दोन मुलींसाठी दोन ट्रस्ट लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात ‘एकमेव’ ही अट मोडते. विश्वस्तांच्या मर्जीवरील ते दोन्ही ट्रस्ट कमाल दराखाली येऊ शकतात. दुकानाचा नफाही ट्रस्टमध्ये जाणार असेल, तर अट आणखी कडक: तो एकमेव ट्रस्ट केवळ व्यापाऱ्यावर चरितार्थासाठी अवलंबून असलेल्या नातेवाइकांसाठीच असावा लागतो. कमावता मुलगा त्यात घालू नये. मसुदा वकिलाकडे देण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटला दाखवावा, आणि पीपीएफच्या नामनिर्देशनातील नाव मृत्युपत्राशी जुळते का, हे त्याच बैठकीत तपासून घ्यावे.