पक्षियोद्धे
पक्षियोद्धे : मानवी देह आणि पक्ष्याची चोच, पंख वा नख्या यांच्या संयोगातून कल्पिलेली लढवय्यी जात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या भूमिकाधारी अमेरिकन खेळात ‘केन्कू’ व ‘आराकोक्रा’ या पक्षिजाती १९८१ मध्ये ‘फीन्ड फोलिओ’ या ग्रंथाद्वारे आल्या.

अशा रचनेस उपयुक्त सामग्री भारतीय परंपरेत विपुल आहे. महाभारताच्या आदिपर्वातील गरुड अमृतासाठी देवांशी झुंजतो. रामायणातील जटायू रावणाचा रथ मोडतो. परंतु पंख छाटले जाताच कोसळतो. कर्नाटकातील बळ्ळिगावे येथील १०४७ च्या स्तंभावरील द्विशिर गंडभेरुंडाचा देह मानवी आहे. जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्यात मुखवटा केवळ शीर पालटतो, देह मनुष्याचाच राहतो. हाही एक सोपा रचनामार्ग होय.

खरी अडचण उड्डाणाची. उडणाऱ्या वजनदार पक्ष्यांत गणला जाणारा माळढोक सु. १५ किग्रॅ. पर्यंत भरतो. लुप्त झालेला अर्जेंटाविस सु. ७० किग्रॅ. वजनाचा असावा, त्याचा पंखविस्तार ६ ते ७ मी. असून तो मुख्यतः चढत्या वायुप्रवाहांवर तरंगत असे. म्हणून मनुष्याएवढ्या पक्षियोद्ध्यास जड चिलखत पेलणार नाही; हलका भाला व नख्या हीच त्याची शस्त्रे ठरतात. पंखच बाहू मानल्यास उडताना शस्त्र धरता येत नाही.

अनिर्बंध उड्डाणामुळे तट, दरी व खंदक निरर्थक होतात आणि इतर खेळाडूंची भूमिका गौण ठरते. यास्तव भार, काल व वारा यांची मर्यादा घालणे इष्ट. बलस्थान तेच मर्मस्थान असावे, हे जटायूच्या कथेवरून स्पष्ट होते.