घरकामातील फेरे कमी कसे करावेत?

सोयाबीनची निंदणी असो वा गव्हाची कापणी, त्या दिवसांत नवरा-बायको दोघेही उजाडताच शेतावर असतात. घरचे काम मात्र थांबत नाही. चूल, पाणी, धुणे, गुरांची वैरण, मुलांची शाळा. आणि आता त्यात रेशन, बँक व निरनिराळ्या योजनांचे कागद. यातील बहुतेक भार घरच्या बाईवर पडतो. केंद्र सरकारने 2019 मध्ये देशभर केलेल्या पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शंभरात 81 जणी घरकाम करताना आढळल्या, पुरुषांपैकी फक्त 26. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी 299 मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, त्यात जात होते. घरकाम करणाऱ्या पुरुषाचे 97 मिनिटे.

शेताचे काम टळत नाही. मग हे पाच तास काढायचे कोठून? ते झोपेतून निघतात आणि मुलांजवळ बसण्याच्या वेळेतून निघतात. आई सतत थकलेली असली की तिची प्रकृती ढासळते व सारे घर चिडचिडे होते. म्हणून वेळ वाचविणे ही चैन नव्हे, ती आरोग्याची गरज आहे.

काम एकदम कमी होत नाही; पण एकाच कामासाठी पडणारे फेरे निश्चित कमी होतात. ते तीन ठिकाणी कमी करता येतील.

1. शहराचा फेरा

बँक, औषधे आणि बाजार यांसाठी आपण फ्रीगंजला टावर चौकात जातो. तेथे पोहोचल्यावर एक कागद घरी राहिल्याचे कळले की अर्धा दिवस वाया जातो व मजुरीही बुडते. यावर उपाय म्हणजे घरातील सर्वांचे कागद एकाच पिशवीत ठेवणे. आधार, बँकेचे पासबुक, रेशनची पर्ची, जमिनीचा खसरा, प्रत्येकाचे दोन फोटो आणि सर्वांच्या झेरॉक्स प्रती त्यात असाव्यात. समग्र आयडीचे दोन क्रमांक असतात: कुटुंबाचा आठ अंकी व प्रत्येक माणसाचा नऊ अंकी. दोन्ही एका पुठ्ठ्यावर लिहून पिशवीतच ठेवावेत. आधार, समग्र आणि पासबुक यांवरील नाव व जन्मतारीख एकदा शांतपणे ताडून पाहावी. काना-मात्रेचा फरक असला तरी अर्ज परत येऊ शकतो.

उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला हवा असल्यास लोकसेवा केंद्रात अर्ज देऊन पावती अवश्य घ्यावी. ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा देशात प्रथम मध्य प्रदेशने 2010 मध्ये केला. पावतीवर मुदतीची तारीख असते. त्या तारखेआधी विचारपूस करण्यासाठी खेटे घालू नयेत. मुदत टळल्यास अपील करण्याचा आपल्याला हक्क आहे.

काही फेरे मुळातच टळतात. पीएम-किसानच्या मोबाइल ॲपवर 2023 पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते, आणि ज्याला ते जमते तो शेतकरी शेजाऱ्यांचेही करून देऊ शकतो. प्रत्येक वाडीत एका शिकलेल्या मुला-मुलीने एवढी सेवा केली तर किती जणांचा दिवस वाचेल! मात्र बँकेचा पिन किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी कोणाही अनोळखी माणसाला सांगू नये.

2. चुलीचा फेरा

चणे, वाटाणे रात्री भिजत घालावेत. तूरडाळ अर्धा तास आधी भिजवावी. जळण व वेळ दोन्ही वाचतात. दुसरी सोय म्हणजे काडाची पेटी. टोपलीत किंवा खोक्यात गव्हाचे काड दाबून भरावे व मध्ये भांड्यापुरती जागा ठेवावी. डाळ दहा मिनिटे खळखळ उकळून, घट्ट झाकणासह भांडे त्यात ठेवावे आणि वरून जुनी गोधडी दाबावी. भांड्यातील उष्णता बाहेर जात नाही व डाळ आपोआप शिजत राहते. युरोपात महायुद्धाच्या काळात जळण टंचाईमुळे अशा पेट्या घरोघरी वापरात होत्या. बाई शेतावर असली तरी चुलीपाशी कोणी बसावे लागत नाही.

दोन गोष्टी जपाव्यात. पेटीतील अन्न कोमट होऊ देऊ नये. तीन-चार तासांत काढून, पुन्हा उकळून खावे. राजमा पेटीत शिजवू नये; तो अर्धवट शिजला तर उलट्या होतात. तसेच वेळ वाचावा म्हणून सकाळचा भात संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवणेही धोक्याचे आहे. पावसाळ्यात व उन्हाळ्यात तो लवकर नासतो, आणि पुन्हा गरम केला तरी त्यातील विष जात नाही.

3. कामाची वाटणी

एकाच माणसाने दहा कामे केली की तो प्रत्येक कामासाठी धावतो. पाणी भरणे, धुणे वाळत घालणे, भांडी घासणे ही कामे मुलीची असा नियम कोणी केलेला नाही. मुलालाही ती तितकीच जमतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला रोजचे एक काम नेमून द्यावे. मात्र अभ्यास व झोप यांच्या आड ते येऊ नये. वडिलांनी कागदांची पिशवी आणि शहराचा फेरा आपल्याकडे घ्यावा. एवढ्यानेही आईच्या डोक्यावरचे मोठे ओझे उतरते.

हे सारे एका दिवसात होणार नाही. या आठवड्यात नवरा-बायकोने मिळून गेल्या पंधरा दिवसांत शहराला किती वेळा जाणे झाले ते मोजावे, आणि त्यांतील कोणते दोन फेरे एकत्र झाले असते ते पाहावे. वाचलेला तास दुसऱ्या कामाला जुंपू नये. तो आईच्या झोपेसाठी आणि मुलांच्या सोबतीसाठी राखून ठेवावा.